मुंगीचं दार आणि काकूंचा शॉकप

"कुणी लावलं? माझं दार कुणी लावलं?"

चिंगी मुंगी ओरडली. आत तिची पिल्लं होती. आणि दारावर भलामोठा लाकडी ठोकळा!

ठोकळ्यावर टेकली होती शेवंताकाकूंची पिकअप गाडी. तिचा शॉकप बिघडला होता. शॉकप म्हणजे धक्के गिळणारा दांडा. तो बिघडला की गाडी उडते धाडधाड, अन् मागचे टोमॅटो उडतात टपाटप. काकू अंगणातच नवा शॉकप बसवत होत्या.

"ठोकळेदादा, ठोकळेदादा, हट ना!
दार उघडेना."

ठोकळा म्हणाला, "मी हटलो तर गाडी पडेल. आधी चाक चढू दे, मग मी."

चिंगी निघाली तुरुतुरु.

"चाकोबा, चाकोबा, चढ ना!
ठोकळा हटेना, दार उघडेना."

चाक म्हणालं, "आधी शॉकप बसू दे, मग मी."

चिंगी निघाली तुरुतुरु.

"शॉकपराव, शॉकपराव, बसा ना!
चाक चढेना, ठोकळा हटेना, दार उघडेना."

नवा शॉकप म्हणाला, "माझ्या जागी जुना बसलाय. आधी त्याचा नट सुटू दे, मग मी."

चिंगी निघाली तुरुतुरु.

"नटूभाऊ, नटूभाऊ, सूट ना!
शॉकप बसेना, चाक चढेना, ठोकळा हटेना, दार उघडेना."

नट म्हणाला, "मला गंज चढलाय, बाई. आधी तेल मुरू दे, मग मी."

चिंगी निघाली तुरुतुरु.

"तेलूताई, तेलूताई, मूर ना!
नट सुटेना, शॉकप बसेना, चाक चढेना, ठोकळा हटेना, दार उघडेना."

तेल डब्यातून म्हणालं, "आधी काकूंना ओतू दे, मग मी."

काकू पाना ओढत होत्या. हं! हंऽ! हंऽऽ! चिंगी त्यांच्या हातावर चढली.

"काकू, काकू, ओता ना!
तेल मुरेना, नट सुटेना, शॉकप बसेना, चाक चढेना, ठोकळा हटेना, दार उघडेना!"

"थांब गं! जोर लावतेय ना!"

"जोर नको, काकू. तेल हवं. आणि मुरायला वेळ."

काकू थांबल्या. पाना खाली ठेवला.

"खरंच की! लोणचं मुरायला महिनाभर वाट बघते. बिचाऱ्या नटाला घटकाभर वेळही दिला नाही!"

काकूंनी तेल ओतलं. थेंब. थेंब. थेंब.

मग दोघी बसल्या. नुसत्या बसल्या. चिंगीला बसवेना. तरी बसली.

तेल मुरलं. हळूहळू, हळूहळू.
नट सुटला. किर्रर्र!
शॉकप बसला. खट्!
चाक चढलं. गरगर!
काकूंनी जॅक फिरवला, ठोकळा हटला. सर्र!
दार उघडलं!

चिंगी आत धावली. सगळ्यात धाकटं पिल्लू तिला बिलगलं. म्हणालं,

"आई, तू बाहेर कोंडली गेली होतीस ना? घाबरलीस का गं?"