गुणी पेशंट

"आणि घरी नेल्यावर ती दगावली तर?" भार्गवनं विचारलं.

स्वामी पट्ट्या गुंडाळत होते.

टेकडीवरच्या मठाचा दवाखाना स्वामी चालवत. भार्गव शहरातून डॉक्टर होऊन त्यांच्याकडे शिकायला आलेला. पोरगा हुशार, आणि ते स्वतःला पुरेपूर ठाऊक असलेला.

प्रश्न हौसाबाईचा होता. खुब्याचं हाड जुळत आलं होतं, ताप नव्हता, पण म्हातारी जेवेना. दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"उद्या नाकातून नळी घालतो," भार्गव म्हणाला.

"आजच घरी पाठवू. शेवंता सिस्टर रोज सकाळी जाईल, जखम बघेल, चालवेल, सुनेला शिकवेल. काही बिघडलंच तर आपण आहोत की."

"पण इथं काय कमी आहे, स्वामी? तिची एक तक्रार नाही. भात दिला, चांगलाय म्हणते. खाट दिली, चांगलीये म्हणते. इतकी गुणी पेशंट..."

"म्हणूनच मला तिची काळजी वाटते."

...

काही दिवसांनी भाड्याची जीप करून दोघं हौसाबाईच्या गावी गेले. अंगणातच आवाज कानावर आला.

"अगं ए सुमन, आमटी हाय का पाणी? मिरच्या काय देवाला ठेवल्यास व्हय?"

वॉकर धरून हौसाबाई चुलीपाशी उभी होती. मागं हात धरायला शेवंता. म्हातारीच्या गालांवर चक्क तुकतुकी आली होती. भार्गवला इतका आनंद झाला की तो तसाच आत घुसला.

"चपला भाईर काढ की, डाक्टर! आन् बस. सुमे, च्या टाक."

चहा पाकासारखा गोड होता. मठात भार्गव बिनसाखरेचा प्यायचा. त्यानं निमूटपणे कप रिकामा केला.

"कसा झालाय?" हौसाबाईनं विचारलं.

"चांगला झालाय, आजी."

लगेच दुसरा कप आला. तोही त्यानं संपवला.

बाहेर आल्यावर स्वामी पोट धरून हसले.

"अरे, बिनसाखरेचा मागायचास!"

"लोकांच्या घरी... कसं मागायचं, स्वामी?"

स्वामी जीपकडे चालू लागले.

...

भार्गव जीपपाशी थबकला. आत हौसाबाई पुन्हा सुनेवर खेकसली, आणि मग सासू-सून दोघी खदखदून हसल्या.

"स्वामी..."

"हं?"

"आपल्या दवाखान्यातले ते खिडकीजवळच्या खाटेवरचे बाळोजीतात्या. त्यांनाही आता ताप नाही. आणि त्यांचीही... कधीच तक्रार नसते."

"मग आज जीप सोडू नकोस," स्वामी म्हणाले.