आण्णाप्पाला ठेवू कुठे?

“...मग त्याला ठेवू तरी कुठं, बुवा?”

उत्तम शिंगटे हेच परत परत विचारत होते. टेकडी चढून मठात आल्यापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

माणूस तसा हिकमती. मसाल्याचा कारखाना शून्यातून उभा केलेला. तालुक्यात कुणाचं काही अडलं की सल्ला द्यायला हे सगळ्यांच्या पुढं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र गाडी चिखलात रुतली.

त्यांचा जुना भट्टीवाला आण्णाप्पा मगदूम. धणे-मिरची भाजताना नुसत्या वासावर सांगायचा, आता कढई उतरवा. त्याला कॅन्सर झाला. इंजेक्शनं सुरू झाली, आणि ज्या वासावर त्याचा जन्म गेला त्याच वासानं त्याला उमासे येऊ लागले.

शिंगट्यांनी त्याला भरपगारी घरी बसवलं. गडी चार दिवसांत कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसला. म्हणाला, घर खायला उठतं.

मग त्याला ऑफिसात खुर्ची दिली, वर पंखा दिला. तिथं तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. मला काय शोभेला ठेवलंय का, असं त्यानं एकदा तोंडावर विचारलं.

बरं, पुन्हा भट्टीवर घेतलं. तर कढईपुढंच ओकला. त्याची बायको पारूबाई कारखान्यात आली आणि सगळ्यांदेखत मालकाला नाही नाही ते बोलून गेली.

मग शिंगट्यांनी ताकीद दिली, त्याच्यापुढं आजाराचं नाव कुणी काढायचं नाही. झालं. तो दिसला की मिरची निवडायला बसलेल्या बाया एकदम गप्प. आण्णाप्पा म्हणाला, मी मेलोय की जिवंत आहे, एवढं तरी कुणी सांगा.

आणि काल त्यानं काम सोडलं. नुसतं काम नाही, औषधही सोडलं. त्याला दवाखान्यात न्यायला मालकांनी धाडलेली गाडी त्यानं दारातून रिकामी परत पाठवली. तुम्हाला माझा ताप नको, असा निरोप दिला.

हे सांगताना शिंगटे बुवांच्या पुढ्यात सरकले.

“काय द्यायचं बाकी ठेवलं मी? मागेल ते देतो म्हटलं. बुवा, तो असाच बसला तर जाईल हो... आणि मला काही कळेनासं झालंय.”

बुवा खाली गावाकडं बघत होते. त्यांची ती सवयच. समोरचा रडकुंडीला आला तरी हे आपले तिकडंच बघत राहणार. मी मठात त्यांच्याच सेवेला असतो, पण मला कधी कधी राग येतो त्याचा.

“चल,” शेवटी ते म्हणाले. “त्याच्याकडं जाऊ.”

बुवांचे गुडघे गेलेले, नजरही अधू. मठाच्या पायऱ्या म्हणजे दैवाचा कारभार. एक वीतभर, तर एक गुडघाभर, काही नुसते डुगडुगते धोंडे. शिंगट्यांनी पुढं होऊन त्यांचा दंड घट्ट धरला. मी मागं काठी घेऊन.

“सोड की. मला काय उचलून नेतोस?”

शिंगट्यांनी सोडलं. पुढचाच धोंडा हलला आणि बुवा कलंडले.

“अरं धर की. बघत काय राहिलास?”

त्यांनी लगबगीनं धरलं. मग दोन पायऱ्या बऱ्या लागल्या.

“सोड.”

शिंगट्यांनी सोडलं आणि हात पाठीमागं बांधून ते अदबीनं मागं राहिले. थोडं पुढं गेल्यावर बुवा थांबले आणि त्यांनी मान वळवून बघितलं. ते बघणं धर म्हणायचं होतं की राहू दे म्हणायचं, शिंगट्यांना उमगेना. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला.

खरं सांगतो, मला हसू येत होतं. पण एवढा मोठा माणूस मधल्याच पायरीवर खाली बसला आणि माझं हसू गेलं.

शिंगट्यांनी हात जोडले.

“पाया पडतो, बुवा. धरू का सोडू, एकदाच काय ते सांगा. पार खालपर्यंत तसंच करतो.”

बुवा एक पाय खाली सोडून चाचपत होते...

“आताच कसं सांगू, लेका? पुढची पायरी अजून माझ्याच पायाला लागली नाही.”