मचूळ पाण्याचा पारखी

खाडीच्या काठाला एक गाव होतं, आणि त्या गावात एक म्हातारा होता. त्याची जीभ साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. गैरसमज नको, बोलायचा तो अगदी मोजकं. जीभ नावाजलेली होती ती पाण्याच्या चवीसाठी.

या गावातली माणसं बांध घालून केलेल्या तळ्यांत कोळंबी वाढवायची. कोळंबीचे नखरे फार. पाणी गोडं झालं तर तिला सोसत नाही, फार खारं झालं तरी सोसत नाही. तिला हवं मचूळ पाणी, ना धड गोडं ना धड खारं. दुसऱ्या गावात कुणी पाण्याला मचूळ म्हटलं तर लोक तोंड वाकडं करतात. इथे मात्र तो शब्द कानावर पडला की माणसं निश्चिंत मनाने घरी जायची.

तो शब्द उच्चारण्याचा मान म्हाताऱ्याचा. तो ओंजळीत पाणी घ्यायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचा. पाणी खारावलं असेल तर बारमाही ओढ्याचा पाट तळ्यात सोडायचा. गोडावलं असेल तर भरतीच्या वेळी खाडीकडची उघाडी, म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, वर करायची. म्हाताऱ्याच्या शब्दावाचून गावात एक फळी हलत नसे.

त्याचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, वर्षातून एकदा घरी यायचा. घरात म्हातारा आणि सून, दोघंच. सुनेला माहेर नव्हतं, आईवडील लहानपणीच गेलेले. लग्न होऊन ती आली त्या दिवशी म्हाताऱ्याने माशाची मधली तुकडी आपल्या ताटातून उचलून तिच्या ताटात ठेवली होती. तेव्हापासून तिचा त्याच्यावर फार जीव.

दिवाळीच्या सुमारास एकदा जेवताना म्हातारा म्हणाला, "कालवण अळणी झालंय का गं?"

सुनेने चाखून पाहिलं. मीठ अगदी बरोबर होतं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. ज्याचा सगळा मान जिभेवर, त्याला तुमची जीभ गेली असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मीठ घालायचं विसरले, मामंजी," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने टोपात चिमूटभर मीठ टाकलं. मग ते रोजचंच झालं. दोन चिमट्या झाल्या, पुढे पुढे तर मूठ झाली. सून ते खारट कालवण मुकाट्याने गिळायची, वर तांब्याभर पाणी प्यायची आणि रोज नव्याने विसराळू ठरायची. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हातारा हसून म्हणायचा. तिला वाटायचं, एवढ्याने त्यांचं मन राहतंय, माझं काय जातंय?

चैत्रात ऊन तापलं. तळ्यांतलं पाणी आटू लागलं, आणि आटलेलं पाणी खारावणारच. कोळंबीचा अभ्यास करायला शहरातल्या संशोधन केंद्रातून एक बाई दर आठवड्याला यायची. तिच्याजवळ एक छोटी नळी होती. काचेवर पाण्याचा थेंब टाकून नळीला डोळा लावला की पाण्यातलं मीठ किती ते कळायचं.

त्या आठवड्यात बाई सुनेला म्हणाली, "आजोबा पाणी गोडसर म्हणतात आणि माझी नळी खारट म्हणते. नळीच बिघडली असणार. दुरुस्तीला देते." शिकलेली बाई, पण म्हाताऱ्यापुढे तिनेही नळीलाच खोटं पाडलं.

सुनेला खरं ठाऊक होतं. पण ती खाली मान घालून कामाला लागली.

म्हाताऱ्याने आधी घरच्या तळ्याची उघाडी वर केली. आधीच खारावलेल्या तळ्यात खाडीचं आणखी खारं पाणी आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निम्मी कोळंबी काठाला मरून पडली होती. म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक उचलून तळहातावर घेत होता. लेकरासारखी वाढवलेली ती. त्याच्याने बघवत नव्हतं.

"उशीर केला मी," तो म्हणाला. "पाणी अजून गोडंच लागतंय. दुपारच्या भरतीला सगळ्या गावाला उघाड्या वर करायला सांगतो. निदान त्यांची तरी वाचू दे."

तो काठी घेऊन बांधावरून निघालासुद्धा. पलीकडे माणसं त्याचीच वाट पाहत उभी होती. आता गप्प राहिलं तर साऱ्या गावाची तळी जाणार, आणि बोललं तर या माणसाचं काय होणार? सून धावली आणि तिने त्याला वाटेत गाठलं.

"मामंजी, बसा जरा."

"भरती माझ्यासाठी थांबायची नाही, पोरी."

"कालवणात मीठ होतं," ती म्हणाली.

"कुठल्या कालवणात?"

"रोजच्या. मी एकदाही विसरले नाही."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला.

"म्हणजे तळ्याचं पाणी..."

"खारं आहे, मामंजी. फार खारं."

त्याने काठी बाजूला ठेवली. मग त्याने विचारलं, "दिवाळीपासून ते मीठ तू खाल्लंस?"

"हो."

"कशाला गं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटलं असतं. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी जेवलो असतो," तो म्हणाला. "ही मेलेली कोळंबी काही आता जेवायची नाही."

सून हुंदके देऊन रडली. म्हाताऱ्याने तिला रडू दिलं. मग तो उठला, लोकांपुढे गेला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "माझी जीभ गेली. उघाड्या बंद ठेवा, ओढ्याचा पाट सोडा."

कुणी हसलं नाही. एका शेजाऱ्याने पुढे होऊन त्याला हाताला धरून सावलीत बसवलं, बाकीचे पाटाकडे पळाले. गावातली तळी वाचली. म्हाताऱ्याच्या तळ्यातली उरलेली निम्मी कोळंबीही वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा सुनेला घेऊन तळ्यावर गेला. निरोप मिळताच केंद्रातली बाई तीच नळी घेऊन आली होती, गावातलेही चारजण होते. म्हाताऱ्याने पाण्यात ओंजळ बुडवली आणि ती सुनेच्या तोंडाशी धरली.

"सांग."

तिने चव घेतली. "थोडं खारट आहे अजून," ती पुटपुटली.

"मोठ्याने सांग," म्हातारा म्हणाला. "आता तुझं ऐकायचंय सगळ्यांना."

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक मायेपोटी झाकली की ती आत वाढत जाते. त्याच्या जवळ बसून, हळू आवाजात, पण वेळेवर सांगणं हीच खरी माया.