शुभ बोलणाऱ्यांचं गाव

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं गाव होतं. माणसं भली होती, कष्टाळू होती. खोड एकच. अशुभ बोलायचं नाही!

घरातला वास्तुपुरुष सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो. आपल्या तोंडून वाईट शब्द निघायला आणि त्याचं तथास्तु व्हायला एकच गाठ पडली, की संपलंच. म्हणून तिथे बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचे. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचे. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुणी विचारलं, तर त्यानेही ‘बरं आहे’ असंच सांगायचं. हे शेवटचं जरा अतीच होतं, पण गावाला ते कोण सांगणार?

त्या गावात राणू नावाचा विणकर आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होता. तिला सारे येसाक्का म्हणत. ती लोकर कातायची, तो विणायचा. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, वाकून वाकून राणूची कंबर धरली. आधी ती पावसाळ्यात दुखे, मग हिवाळ्यातही, आणि मग दुखणं कायमचंच मुक्कामाला आलं. कंबरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाई. कुशीवर वळलं तरी कळ, उताणं निजलं तरी कळ. त्याच्या घोंगड्यांवर सारा मुलूख घोरत होता, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

वैद्यबुवा लेप देऊन विचारत, “काय राणू, कसं काय?”

“बरं हाय,” राणू म्हणे. वैद्यबुवा समाधानाने पुढच्या घरी जात.

मग एके दिवशी राणूने आपली शेळी शेजाऱ्याला देऊन टाकली. पुढे तांब्याची घागर भाचीला दिली. लोकांनी कौतुक केलं. आणि एका सकाळी त्याने आपला धोटा एका नवख्या विणकराच्या हातात ठेवला. धोटा म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे सूत नेणारं लाकूड. विणकर एक वेळ जेवणाचं ताट देईल, धोटा देणार नाही.

“विरक्ती आली! राणूला विरक्ती आली!” गावभर झालं. “चेहरा बघा कसा शांत झालाय. पूर्वी किती चिडायचा!” पाटलांनी तर चावडीपुढे सत्कारच ठरवला.

येसाक्काला मात्र हे खरं वाटेना. इतके दिवस कण्हणारा भाऊ एकाएकी गप्प झाला होता. कंबर तशीच वाकलेली, डोळे तसेच लाल, आणि तोंडावर मात्र कुठला तरी निर्णय झाल्यासारखी शांतता. ती पाण्याला जाई आणि अर्धी घागर भरून धावत परत येई. कातताना तिचा धागा तुटे, कारण कान आतल्या खोलीकडे असत. राणू खोकला की तिला बरं वाटे. खोकला थांबला की ती उठून आत डोकावे.

शेवटी ती गावातल्या सर्वांत वडील माणसाकडे, दादू आजाकडे गेली.

“आजा, मला राणूचं भ्या वाटतंय.”

“कसलं भ्या?”

येसाक्काने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आजा समजला आणि एकदम भडकला. “शुभ बोल बाई! मनातबी आणू नगं असलं. इचारशील, आन् त्याच्या डोक्यात नाही ते तूच घालशील!”

येसाक्का परतली. आजाचं बोलणं तिला पटत होतं, हेच तर कठीण होतं. लहानपणापासून तिने एक अशुभ अक्षर उच्चारलं नव्हतं. विचारलं आणि वास्तुपुरुष तथास्तु म्हणाला तर? भाऊ आपल्याच तोंडाने जाईल. आणि न विचारता गेला तर? या दोन भीतींमध्ये ती जात्यातल्या दाण्यासारखी भरडून निघाली.

सत्काराचा दिवस उजाडला. राणूच्या गळ्यात हार पडला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “माझं काय न्हाई. येवढं आमच्या आक्काला संभाळा म्हंजे झालं.”

“वा! वा!” सारे म्हणाले.

येसाक्का उठली. भरल्या सभेतून तिने भावाचा हात धरला आणि त्याला घरी आणलं. हार अजून गळ्यातच होता. तिने आढ्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि विचारलं.

“राणू, खरं सांग. तुला जीव द्यायचाय का?”

घरात काही कोसळलं नाही. राणू मात्र मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

“हो आक्का,” तो म्हणाला. “मरायची हौस न्हाई गं. पर ही कळ थांबंना, आन् झोप न्हाई. सारं गाव निजतं, मी येकलाच जागा. कुणाला सांगू? हितं बरं हाय म्हनायचं असतं.”

तिने त्याला पोटाशी धरलं. मग त्याने काय योजलं होतं तेही विचारलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, सांगण्यासारखं नाही. पण तिने ते साधन त्याच्याकडून मागून घेतलं आणि घराबाहेर काढलं.

“तुझी कळ मला काढता येत न्हाई,” ती म्हणाली. “पर येकट्यानं जागायचं न्हाई. मला उठवायचं.”

मग ती वैद्यबुवांकडे गेली आणि सगळं खरं सांगितलं. वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला. लेपाच्या जोडीला त्यांनी झोपेचा इलाज सुरू केला आणि राणूला मागाच्या खड्ड्यात बसायला मनाई केली. वैद्यबुवांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी त्याच्यासाठी उंच माग बांधला. खोटं कशाला सांगू, दुखणं पुरतं गेलं नाही. पण राणूला झोप लागू लागली. येसाक्का अधूनमधून विचारायची, “आज मनात आलं का रं?” कधी तो म्हणे, “आलं हुतं.” मग ती कातणं बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसे.

एका संध्याकाळी दादू आजा काठी टेकत त्यांच्या दारात आला.

“येसे,” तो म्हणाला, “माझ्या थोरल्यानं बी जायच्या आदी त्येचा धोटा मला दिला हुता. मी म्हनलो, पोरगं उदार झालं. गावभर सांगत फिरलो.” तो उंबऱ्यावर टेकला. “मी इचारलं न्हाई गं.”

येसाक्काने त्याला आत घेतलं. राणूने सरकून आपल्या घोंगडीवर जागा केली.

तात्पर्य : दुखणाऱ्याला त्याच्या जिवाचं विचारल्याने जीव जात नाही, कित्येकदा तेवढ्यानेच तो थांबतो.