रक्त देण्याचे कारण

एका रुग्णालयात डॉक्टर केळुसकर नावाचे नवजात बालकांचे वयोवृद्ध तज्ज्ञ होते. मृण्मयी ही तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकत होती.

एके सकाळी दोघे काचेच्या पेटीतल्या एका बाळापाशी थांबले. बाळ बारा आठवडे आधी जन्मलेले, आता महिन्याचे झालेले. रंग फिका, हिमोग्लोबिन साडेआठ. आई शेजारीच उभी होती.

"डॉक्टर, किती पांढरा पडलाय हो! रक्त द्या ना त्याला."

केळुसकर संगणकावर रक्ताची मागणी भरू लागले. पडद्यावर सूचना उमटली: या वयाच्या, स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला एवढ्या हिमोग्लोबिनवर रक्ताची गरज नाही, तरीही द्यायचे असल्यास कारण लिहा.

त्यांनी एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. मग मागणीच रद्द केली. बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि आईला म्हणाले, "आज रक्त नको, ताई. दूध पचतंय, श्वास नीट आहे. मी दुपारी पुन्हा बघायला येतो."

बाहेर येताच मृण्मयीला राहवले नाही. "सर, पस्तीस वर्षांचा अनुभव तुमचा. आणि यंत्र नको म्हणालं म्हणून थांबलात?"

"यंत्रातले नियम माणसांनीच घातलेत," केळुसकर म्हणाले, "शांतपणे बसून, कितीतरी बाळांच्या नोंदी पाहून. त्याने मला फक्त कारण विचारलं. मी लिहायला गेलो, तर दोन्ही वेळा एकच निघालं: आई समोर उभी आहे आणि काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुखणं माझं; त्यासाठी बाळाला दुसऱ्याचं रक्त कशाला? उद्या त्याचा श्वास अडखळला, नाडी धावू लागली, तर पडदा काहीही म्हणो, मी रक्त देईन. तेव्हा कारण शोधावं लागणार नाही."

ते दुपारी आले, संध्याकाळीही आले. पुढचे काही दिवस मृण्मयीला तो फिका चेहरा बघवत नसे. तरी ती दर तासाला श्वास मोजून जाई.

दहाव्या दिवशी हिमोग्लोबिन सव्वानऊ झाले. आईने विचारले, "म्हणजे हे त्याचं स्वतःचंच रक्त?"

"हो, सगळं त्याचंच," मृण्मयी म्हणाली. आपण काही दिले नाही, याचे तिला प्रथमच समाधान वाटले.