धोंडाजीचा दहावा प्रश्न

त्या राज्यात तळ्याकाठी राहायचं तर सामान्यज्ञानाची परीक्षा द्यावी लागे. प्रश्न पोपट काढत, उत्तरं पोपटांच्याच पुस्तकावरून तपासत, आणि दहांपैकी एक जरी चुकलं तरी उमेदवाराची रवानगी माळावर होई. माळावर पाण्याचा टिपूस नव्हता.

धोंडाजी कासवाला नऊ प्रश्न सोपे गेले. सर्वांत उंच डोंगर, खोकल्यावरचा पाला, कुस्ती गाजवणारी अस्वलं, सगळं त्याने धडाधड लिहिलं. दहावा प्रश्न होता, ‘महापुरात नदी पोहून जाणारा पहिला वीर धोंडाजी कासव कशाने वारला?’

धोंडाजीने तो तीनदा वाचला. मग प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अजून वारलो नाही.’

नापास.

तो तरातरा, म्हणजे कासवाला जमेल तितका तरातरा, मुख्य परीक्षक राघोपंत पोपटाकडे गेला. “पंत, अहो, मी समोर उभा आहे की!”

राघोपंतांनी त्याला नीट न्याहाळलं. “दिसताय खरे, काका. पण पुस्तकात ‘बुडून’ असं छापलंय. हजारो पिल्लांनी ते पाठ केलंय. तुमच्या एकट्यासाठी त्या सगळ्यांना नापास करू का? आठ दिवसांनी फेरपरीक्षा आहे. जरा अभ्यास करून या.”

घरी बायको गिरजा रडवेली होऊन बसली होती. “मला नाही हो तो माळ सोसायचा. लिहून टाका ना एवढं. लिहिल्याने कुणी मरतं का?”

धोंडाजीला अपमान फार झोंबला. मेलो तर मेलो, पण बुडून? तरी गिरजाकडे बघून त्याने फेरपरीक्षेत मुकाट्याने ‘बुडून’ लिहिलं.

पैकीच्या पैकी गुण पडले. तळ्याकाठची जागा कायम झाली. शिवाय पहिला आल्याबद्दल खास मान मिळाला, कैलासवासी धोंडाजी कासव यांच्या पुण्यतिथीला तसबिरीला हार घालण्याचा. त्याने तो घातला. राघोपंतांनी पंखाने डोळे टिपले. मग दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली, तेव्हा सर्वांनी माना खाली घातल्या आणि धोंडाजीने आपली आत ओढून घेतली.

शांतता संपली. मंडळी पेरू खायला पांगली. गिरजाने त्याच्या पाठीवर टकटक केलं. “अहो, झाली की दोन मिनिटं.”

आतून दबका आवाज आला, “पोपट गेले का?”