सात रंगांची पोथी

राजा जयकेतूच्या दरबारात घोटाभर पाणी शिरलं आणि प्रधानजींचा एक जोडा तरंगत थेट सिंहासनापाशी पोचला!

पाणी सोडलं होतं तळघरातली पाण्याची दारं सांभाळणाऱ्या रावजी पाटकऱ्यानं. शिपायांनी त्याला तळघरातून धरून आणलं. मागोमाग त्याची लेक येसूही आली.

“पोथीत होतं तेच केलं, महाराज,” रावजी म्हणाला. “‘तिसरं दार आधी उघडणे.’”

“अरे, ती ओळ तांबडी आहे!” प्रधानजी ओरडले. “तांबडं म्हणजे करू नये!”

“पणतीच्या उजेडात तांबडं नि काळं सारखंच दिसतं, प्रधानजी,” येसू म्हणाली. “एकदा खाली उतरून बघा. जोडे मात्र वरच काढा.”

दरबारात खसखस पिकली. पण राजा हट्टी. पाण्याची दारं कशी चालवायची ते सांगणारी ही सातरंगी पोथी तो पाहुण्यांना मिरवून दाखवी. रंग सोडायला तो तयार होईना. शास्त्रीबुवा पुढे झाले. रंगांऐवजी एकशे आठ चिन्हं वापरावीत. ती समजायला दुसरी पोथी ते स्वतः लिहून देतील!

“आणि ती समजायला तिसरी?” येसू पुटपुटली.

राजानं ऐकलंच. “फार बोलतेस! मग तूच ठरव, पोथी कशी लिहायची. दरबारात रंगांनी झळकली पाहिजे, तळघरात रंगावाचून कळली पाहिजे. आणि पोथी एकच! उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर तुझ्या बापाची नोकरी गेली!”

घरी येऊन येसू चुलीपाशी बसली. समोर मडक्यांची उतरंड. आई गेली, तरी तिनं मडक्यांवर कोळशानं केलेल्या खुणा येसूनं अजून पुसल्या नव्हत्या. फुली म्हणजे तिखट, पोरांनी हात लावायचा नाही. येसू बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि दौत शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं साधी काळ्या शाईची वही राजापुढे ठेवली. नव्या विषयाला चांदणी, करायच्या कामाला टिंब, करू नये त्याला फुली. बस्स!

“ही पोथी?” राजा गरजला. “रंग कुठे आहेत?”

येसूनं वहीची नक्कल दरबारी चितारीबुवांपुढे सरकवली. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं.

“बुवा, चांदणीची ओळ सोनेरी करा, टिंबाची हिरवी, फुलीची तांबडी.”

कुंचला सरसर फिरला. पान झळकू लागलं!

“आम्हाला तांबडा नको,” राजा अडून बसला. “जांभळा हवा!”

“बुवा, पुढच्या पानावर फुलीची ओळ जांभळी,” येसू शांतपणे म्हणाली. वहीतलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

प्रधानजींना जोर चढला. “महाराज, फसवणूक! एकच पोथी हवी होती. ही एक काळी, ही एक रंगीत, झाल्या दोन!”

“खरंच की!” राजा म्हणाला. “बोल आता!”

“महाराज, दरबारात आपण शेला-पागोटं घालता. न्हाणीघरात पंचा नेसता. म्हणून राज्याला राजे दोन झाले का?”

राजा असा हसला, की पागोटंच मांडीवर आलं!

रावजीची नोकरी राहिली, वर दोन बैल मिळाले. आणि फर्मान निघालं : पोथीत काही बदलायचं असेल, तर आधी येसूला विचारायचं. प्रधानजींनीसुद्धा!